साडेतीन वेढे

ओउलूत जानेवारीला दुपार नसते.
सकाळ निळी उगवते, निळीच मावळते,
मधे कुठेतरी कॉफी होते.

आलीसाच्या पडद्यावर एक कॉइल:
मिठाच्या कणावर मावेल एवढी,
तांब्याची चौकोनी गोगलगाय.
काम सांगायला सोपं.
अडीच नॅनोहेन्री हवेत, जागा एवढीच,
आणि वाटेत उष्णता होऊन सांडेल ते
कमीत कमी.
रुंदी, अंतर, वेढे, मधली पोकळी,
चार अज्ञात, आणि रात्रभर जागणारं एक यंत्र.

तार रुंद केली की रोध घटायला हवा.
पण सेकंदाला पाच अब्ज हेलकावे खाणारी वीज
तारेच्या पोटात शिरतच नाही,
कातडीवरून चालते,
आणि शेजारचा वेढा जवळ आला
की अंग चोरून एका कडेला दाटते.
आलीसाला यात नवल नाही.
तिच्या गावात बसथांब्यावर माणसं
उणे बावीसमध्येही
दोन-दोन मीटर सोडून उभी असतात.

सोमवारी यंत्र म्हणालं: अंतर शून्य ठेवा.
शून्याला कुणी अडवलंच नव्हतं.
पाण्याला भेग सापडावी
तशी गणिताला न लिहिलेली अट सापडते.
ती हसली नाही. अट लिहिली.

मंगळवारी ते एका खळग्यात बसून राहिलं.
चहूकडे चढ, म्हणून म्हणालं, हाच तळ.
तिनं त्याला उचलून बारा ठिकाणी टाकलं.
आठदा ते एकाच दरीत उतरलं.
उरलेल्या चारांचं तिनं वहीत लिहून ठेवलं.

बुधवारी: तीन पूर्णांक चार सात वेढे.

मापनखोलीतला ताउनो,
ज्यानं एके काळी कॉइली पेन्सिलीवर गुंडाळल्या,
आकडा बघून म्हणाला, "पुओलिनेल्यात्ता."
आजोबांचा शब्द. आता कुणी बोलत नाही.
आपण तिनाला अर्धा जोडतो;
त्याची जुनी माणसं चौथ्याला अर्ध्यावर थांबवत.
"अर्ध्यावरच सोड," तो म्हणाला.
"एक टोक इकडे, दुसरं समोर. जोडायला बरं."

निकालाच्या तळाशी प्रत्येक अटीपुढे एक आकडा असतो:
ही अट जराशी सैल केली, तर किती वाचेल.
जागेपुढे मोठा.
सोमवारच्या अंतरापुढे लहानसा.
रुंदीच्या मर्यादेपुढे शून्य;
त्या भिंतीला कुणी टेकलंच नव्हतं.
आलीसा त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसली.
तिनंच ती भिंत बांधली होती, काळजीनं,
नोव्हेंबरात.

थांब्यावर ताउनो. दोन मीटरवर ती.
"चिप अकरा आठवड्यांनी येईल."
"मी आठच आहे."
बर्फावरून एक सायकल गेली.
"मापलंस की आकडा कळव," तो म्हणाला,
"चुकला असला तरी."