गोंदाची शंका

फाइना ल्वोव्ना दगड घासते.
जानेवारी. नोवोसिबिर्स्क. बाहेर बर्चची झाडं, उणे एकतीस.
हिऱ्याच्या भुकटीवर गोल गोल फिरतोय
नखाएवढा हिरवट ऑलिव्हिन,
याकुतियाहून आलेला,
त्याच्यापेक्षा त्याची कागदपत्रंच जड.

असे चार उरलेत.

एरवी हा वीज घेत नाही.
दोन्ही अंगांना तांबं लावा, मागून व्होल्ट वाढवत न्या,
हा आपला रुसलेल्या व्याह्यासारखा ढिम्म.

म्हणून त्याच्यामागे स्फोटक ठेवायचं,
मधे धातूची चकती,
लोखंडी दार ओढून तीन भिंती मागे यायचं.
भोंगा.
मग कुणी दूरवर गालिचा झटकावा
तसा एकच आवाज.

दगडाला जे सांगायचं ते मायक्रोसेकंदाच्या आत.
पापणी लवेपर्यंत
असे लाखभर दगड बोलून संपले असते.
पन्नास गिगापास्कल,
म्हणजे पायाखाली बाराशे किलोमीटर,
तिथला भार, तिथली धग
या खोलीत आहे.
होती.

ग्लेब फिल्म धुऊन आणतो. ओली रेघ:
सपाट, सपाट, सपाट आणि एकदम चढ.
गेली! आरपार गेली! तो नाचायचाच बाकी.
प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याला समोर दिसतंय.

(माझ्या भाषेत दगडाला पाझर फुटतो
तो दयेनं. इथं दया कुणी केलेली नाही.)

फाइना फिल्म दिव्यापाशी धरते.
तीस वर्षांच्या स्फोटांनी तिच्या डाव्या कानात
एक बारीक घंटा ठेवलीय, ती वाजतेच आहे.
दगडातून गेली, की गोंदातून?
कडेला एपॉक्सी होता.
तोही भाजतो, त्याचाही कोळसा होतो,
आणि कोळसा वीज नेतो,
कुणाच्या नावावर ते न सांगता.

एवढासा तर गोंद, ग्लेब म्हणतो.
चहा ठेव, ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी दगडाशिवाय
नुसता गोंद उडवला.
रेघ चढली.
ग्लेब खिडकीशी जाऊन उभा राहिला, बराच वेळ,
काचेवरचा बर्फ नखानं खरवडत.

मग तिनं दुसरा ऑलिव्हिन घेतला,
टेफ्लॉनच्या कड्यात नुसता दाबून बसवला,
गोंदाचा थेंब नाही.
भोंगा. गालिचा.
रेघ चढली. उशिरा,
आणि पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

ग्लेबनं आकडा खोडला, नवा लिहिला, काही बोलला नाही.
फाइना कुंच्यानं कोठी झाडत होती:
तांब्याच्या चिंध्या, काळी पूड,
हिरवं काहीच नाही.

वहीत तिच्या अक्षरात एवढंच:
गोंदाचं वजा केलं.
उरलं ते दगडाचं.
दोन शिल्लक.
बाहेर उणे चौतीस.