चौथा विषय

कापगते बाबूंनी माझ्या अर्जात
न विचारताच गृहविज्ञान लिहिलं.
वाईट माणूस नाही. सतरा वर्षं
पोरींच्या अर्जात ते हेच लिहीत आलेत,
पेन आपोआप तिकडे वळतो,
सांजच्याला बैल कोठ्याकडे वळतो तसा.

मी म्हटलं, खोडा.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"दहावीले अठ्ठ्याऐंशी टक्के पाडून
आर्ट्सले कायले आली वं पोरी?"

कायले.
माझी आई गावची आशाताई.
दिवसभर उन्हात फिरल्यावर रात्री
तिला अक्षरं दुहेरी दिसतात,
म्हणून तिची वही सातवीपासून मीच भरते.
दोनशे बारा घरं. पहिला रकाना घर क्रमांक,
दुसरा कुटुंबप्रमुख.

चुलबंदच्या काठी ढिवरांची एकोणचाळीस घरं,
त्यातल्या सव्वीस घरांचे प्रमुख
दिवाळीपासून हैदराबादेत, स्लॅबच्या कामावर.
दारात कौतिकाबाई उभी राहते,
"घरी कोनी नाही" म्हणते,
आणि मागे तिची चूल पेटलेली, जाळं विणायला टांगलेलं,
तीन पोरं, एक आंधळी सासू.
घरी कोणी नाही.

मी आईला विचारलं, प्रमुख कोण लिहू?
"मागच्या साली होतं तेच लिही,
साहेब तपासते."
मी लिहिलं. पण झोप लागली नाही.
रकानासुद्धा कोणीतरी आखलेला असतो,
पट्टी धरून,
आणि आखणारा ह्या दारात कधी आलेला नसतो.

तर समाजशास्त्र हवं,
राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हवं,
आणि चौथं संख्याशास्त्र.
कारण सव्वीस म्हणजे पुष्कळ की थोडे
हे मला नुसतं वाटून घ्यायचं नाही.

"यादीत छापलं हाये," बाबू म्हणाले,
"शिकवाले कोन हाये?
तासिकेवरचे नाकाडे सर तीन कॉलेजं करतात.
वीस पोरं आन, मंग बोलू."

आठ दिवस सायकल हाणली.
भागडी, मासळ, पिंपळगाव.
सही दिली सात जणांनी.
ज्यांनी दिली नाही
त्यांच्यासाठी मी मागच्या पानावर
एक नवा रकाना आखला: का नाही.

गणिताचा धाक, अकरा.
शेवटची बस चारला सुटते, नऊ.
लग्नाचं बोलणं चालू, तीन.
मामा म्हणतो पोलीस भरती, दोन.
एकीने फक्त हसून दार ओढलं,
तिच्यापुढे मी काहीच लिहिलं नाही,
ती जागा अजून कोरी आहे.

सोमवारी कागद पुढे ठेवला.
सह्या मोजून बाबू म्हणाले, "सातच."
मग पान उलटलं, उगाच, सवयीनं.
बोट रकान्यावरून खाली येत गेलं
आणि चौदाव्या ओळीवर थांबलं.

डिंपल कापगते.
का नाही: बाबांनी न विचारता गृहविज्ञान भरलं.

बाहेर कोणीतरी हापसा मारत होतं.
बाबूंनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला नाही.

"पेन्सिल हाये का तुह्यापाशी?"
म्हणाले बराच वेळानं.

होती. दिली.
चौथ्या ओळीत त्यांनी काय लिहिलं
ते मला उलटं दिसत होतं, टेबलापलीकडून,
अक्षर अगदी पुसट,
आणि मी वाकून वाचेपर्यंत
त्यांनी माझा अर्ज
बाकीच्या गठ्ठ्यात घातला नव्हता,
वेगळा ठेवला होता,
डिंपलच्या अर्जावर.