उणे नव्व्याण्णव पॉइंट नऊ

माझ्या पडद्यावर सोलापूर एक चौकोन आहे,
पंचवीस किलोमीटर लांब, तेवढाच रुंद.
त्यात हिप्परग्याचं पाणी आणि अक्कलकोट रोडची धूळ
एकाच रंगाची.
किल्ल्याचा खंदक दिसत नाही,
विडी घरकुलातला आमचा पत्रा तर नाहीच.
त्या पत्र्याखाली भर दुपारी अम्मा पानं कातरत बसते,
तंबाखू उडेल म्हणून पंखा बंद करून.
बंद पंखा मॉडेलला कसा सांगायचा
मला अजून जमलेलं नाही.

तीन भविष्यं आहेत माझ्याकडे.
एकात जग वेळेवर शहाणं होतं,
दुसऱ्यात उशिरा.
तिसऱ्यात तो विषयच निघत नाही.
"यातलं आपलं कुठलं?" अम्मा तेलुगूत विचारते.
ते आपल्या हातात नाही गं, मी म्हणते.
ती मान हलवते, सुपातल्या विड्या मोजत राहते.
हातात नसणं तिला नवीन नाही.

पुढचं सांगण्याआधी मॉडेलला
मागचं बरोबर सांगून दाखवावं लागतं.
म्हणून गुरुसिद्ध म्हमाणेंच्या घरी गेले,
बत्तीस वर्षं ज्यांनी झडपांच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून
पारा वाचला.
वह्या जुन्या चादरीत बांधलेल्या.
अक्षर असं की शून्यसुद्धा पोटभर जेवलेलं.
आणि एका मे महिन्यात, एका दिवसापुढे,
नुसती रेघ.

अशा रेघेला आमच्या फाइलमध्ये
उणे नव्व्याण्णव पॉइंट नऊ लिहितात.
यंत्राला "माहीत नाही" म्हणता येत नाही,
म्हणून भर मेमध्ये ते
कुठल्याच गावात कधी न पडलेली थंडी म्हणतं.

"आजारी होता का काका त्या दिवशी?"
"नाही की. वाचला होता.
चष्मा पुसून परत वाचला.
साहेब नवीन, माझी नोकरी कच्ची.
म्हणाले असते, म्हमाणे, उन्हात ठेवला काय थर्मामीटर?
मग झटकला पारा, उतरवला खाली.
रेघ मारली."

दाराकडे बघून त्यांनी मला तो आकडा सांगितला,
हळू, घरातलं भांडण शेजाऱ्याला सांगावं तसा.
मी लॅपटॉप उघडला. शोधला.
तिसऱ्या भविष्यात तो मेच्या कुठल्याही मंगळवारी येतो.
एप्रिलमध्येही, अधूनमधून.
"म्हणजे खरा होता!" ते एकदम उठून उभे राहिले,
पगारवाढ झाल्यासारखे.
मग पडद्यावरचे ते सगळे मंगळवार त्यांनी बोटाने मोजले,
अर्ध्यात थांबले,
खाली बसले.

"मग लिही की आता."
तोंडी धरत नाहीत, काका.
"तू पण साहेबच झालीस की," म्हणाले,
आणि चादरीची गाठ पुन्हा मारली,
पहिल्यापेक्षा घट्ट.

आमचं मशीन अठरा अंशांच्या खोलीत राहतं.
त्याला ताप चालत नाही.
रात्रभर ते शतक संपवत होतं,
मी स्वेटर घालून बाजूला.
सकाळी घरी आले
तर अम्मा गच्चीवरून अंथरूण गुंडाळून उतरत होती,
झोप न झालेली.

साधा थर्मामीटर आणला, दीडशे रुपयांचा,
सुपाच्या वर खिळ्याला टांगला.
तिला सांगितलं, तीन वाजले की बघायचं,
वहीत लिहायचं.
पटला नाही तरी लिहायचं.
ती हसली. विडीच्या हिशेबाचीच वही,
मागच्या पानापासून सुरू केली.

आज आठवडा झाला.
काल तिने जो आकडा लिहिलाय
तो मी दोनदा वाचला,
चष्मा पुसून परत.

फाइल उघडी आहे.
अजून घातलेला नाही.