एकास दोनशे

माझ्या टेबलावर माणूस पावणेनऊ मिलिमीटरचा.
चिमट्याने उचलायचा, पायाला गोंदाचा थेंब,
आणि श्वास रोखून उभा करायचा
गेंटच्या त्या कालव्यालगत,
जिथे जवसाच्या सुताची गिरणी होती
आणि आता नुसती माती, शिसं मुरलेली.

आधी माती धुवायची, मग घरं,
असं लीझलॉट म्हणते.
आराखडा तिचा, पुठ्ठा माझा.

खाली सायकलदुरुस्ती, बेकरी, धोबीखाना,
आणि एक खोली, जिचं काय करायचं ते ठरलंच नाही.
ती मी कोरी ठेवली.
वर बिऱ्हाडं, भाड्याची आणि मालकीची,
पण दार एकच.
त्या एका दारावरून सात महिने वाद चालला.
छपरावरचं पाणी चरातून तळ्यात,
सांडपाण्याची ऊब परत भिंतींत,
मोटारींना गल्लीच्या तोंडाशीच रामराम.
झाडं वाळल्या शेवाळाची. एकशे बारा.
लिंडन कुठलं आणि अल्डर कुठलं
ते फक्त मला कळतं.

शनिवारी जुन्या बॉयलरघरात मॉडेल मांडलं.
ओले कोट खुर्च्यांवर टाकून
लोक वाकून बघू लागले,
देवाने बघावं तसं, पण चष्मा पुसत.

नेवेना म्हणाली, इथे सगळीकडे दुपारच दिसते.
मी ऑफिसं झाडून पहाटे चारला परतते.
तेव्हा हा चर कसा दिसतो?
कुणाकडेच उत्तर नव्हतं.
लीझलॉटने वहीत लिहिलं: चार वाजता.

सातिल्मिशने काही विचारलं नाही.
नखाने बाक उखडला,
गोंदाचे धागे ताणले गेले,
आणि भिंतीच्या दक्षिणेला टेकवला.
तिकडे वारा आहे, म्हणाला,
तिकडे फक्त तरुण बसतील.

आफ्रियीच्या मुलीने एक बाई खिशात टाकली.
मी पाहिलं. पाहिलं नाही.

मग ओडिलोन.
चाळीस वर्षं लोकांची कपाटं, पियानो
जिन्यांवरून वरखाली नेलेला माणूस.
म्हणाला, छप्पर काढा.
मी डब्याचं झाकण काढावं तसं काढलं.
त्याने खिशातून काडेपेटी काढली,
एक काडी मोडली, सेंटिमीटरभर,
आणि जिन्याच्या वळणावर आडवी धरली.

अडकली.

लिफ्ट आहे ना, लीझलॉट म्हणाली.
लिफ्टमध्ये उभा माणूस मावतो, तो म्हणाला.
मी आडव्याचं विचारतोय.

बॉयलरघरात कुणी खोकलंही नाही.
त्याची बायको मार्चमध्ये गेली होती,
कॅनॉलच्या पलीकडच्या चौथ्या मजल्यावरून.
तिला खुर्चीत बसवून, पट्ट्यांनी बांधून उतरवावं लागलं,
हे मला नंतर बेकरीतल्या पोरीने सांगितलं.
तिथे तो एवढंच म्हणाला:
इथे लोक जन्मभर राहणार असतील
तर तेवढी जागा ठेवा.

वीस सेंटिमीटर. गुणिले अकरा जिने,
गुणिले पाच मजले.
लीझलॉटने बोटांवर हिशोब केला,
मग फोनवर केला,
मग खिडकीबाहेर बघत बसली.
वीस सेंटिमीटर येणार कुठून?
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून.
ते कुणाचं, हे अजून कुणालाच माहीत नाही.

मंगळवारी नवा नकाशा आला,
सोबत चिठ्ठी नाही, फक्त वळणांवर लाल रेघ.
माझ्या मापात तो बदल एक मिलिमीटर.
ब्लेडच्या पात्याहून थोडा जाड.
दोन रात्री मी अकरा जिने
पुन्हा कापले,
अकरा स्वयंपाकघरांच्या भिंती आत सरकवल्या,
कान लाल होईपर्यंत.

शेवटच्या जिन्यात ती काडी ठेवून पाहिली.
वळली. सहज नाही,
पण टोक न घासता.

माणसं मोजली: एक कमी.
नवी केली नाही.
बाक सातिल्मिशने ठेवला तिथेच चिकटवला,
कोऱ्या खोलीला दार कापलं.
मग गोंद लावला, छप्पर बसवलं.
काडी आतच राहू दिली.