विश्रांतवाडी

पहाटे तीन दहाला कॅब येते.
ड्रायव्हर हॉर्न देत नाही, एकदाच दिवे लावून विझवतो,
समोरच्या गिरणीच्या शटरवर माझी सावली उठते नि पडते.
पप्पा गॅलरीत बनियनवर उभे.
एकतीस वर्षं डेपोतून पहिली गाडी काढलेल्या माणसाला
या वेळी झोप लागत नाही.

आम्ही राहतो विश्रांतवाडीत.
या नावाला मी आधी हसायचे.

लोहगावची धावपट्टी आधी हवाई दलाची, मग आमची.
सुखोई निघतात, काचा दात वाजवतात,
आणि आम्ही जिन्याशी थांबतो, कागद, डिझेलचा वास, सत्तर माणसं.
हे थांबणं पगारात नाही.
चाक हललं की मीटर पडतं, रिक्षासारखं.
नांदेड, परत. जळगाव, परत. सिंधुदुर्ग, परत.
मधे पंचवीस मिनिटं,
पडद्यामागे उभ्याने गार पोहे.
बाहेरून कुणी आजी विचारते, "पोरी, तू चालवतेस?"
तिच्यासाठी मी टोपी सरळ करते.

बारामतीला दोनशे तास उडाले मी,
तासातासाला पप्पांच्या फंडाचा एक तुकडा.
आता बॉण्ड. तीन वर्षं.
त्याआधी सोडलं तर वीस लाख.

रोस्टर फोनवर येतं नि रात्री नऊनंतर बदलतं.
पप्पा ते पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतात,
पेन्सिलीने रेघा मारतात, स्वारगेटला मारायचे तशा.
"ड्युटी अकरा तास. मग बारा तास सुट्टी.
त्यातनं येणंजाणं वजा, जेवण वजा,
भर उन्हात पडदे ओढून कूस बदलणं वजा.
उरली किती?"
"नियमात बसतं, पप्पा."
"बसत नाही गं. बसवलंय."
नवे नियम येणार होते.
कंपनीने मुदत मागितली. मिळाली.

मंगळवारी, नांदेडहून येताना,
परळीची धुराडी डाव्या हाताला होती,
कॅप्टन केळुस्करांची मान खाली गेली.
मी बोलले, "सर."
मग पुन्हा बोलले नाही.
रेडिओचा आवाज थोडा कमी केला,
मांडीला चिमटा घेतला, उंची वाचली, वेग वाचला,
उंची वाचली.
अकरा मिनिटं. मागे एक बाळ रडत होतं,
त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.
जागे झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं,
"कुठे आलो?"
त्यांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

हे पप्पांना सांगायचं नव्हतं. सांगितलं.
ते बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघत राहिले.
"आमच्याकडे वही होती," म्हणाले,
"ब्रेक लागत नाही, लिही. वायपर बंद, लिही.
लिहिलं की गाडी डेपोत, कुणाचा बाप काढू शकत नव्हता.
ती वही काही साहेबांनी खुशीत दिली नव्हती,
सात दिवस फाटकावर बसलो होतो.
तुमच्याकडे नाही?"
आहे. विमानाची आहे.
एक स्क्रू सैल असला तरी लिहितो आम्ही, सही करतो,
आणि ते उडत नाही.
माणसासाठी एक फॉर्म आहे.
तो भरला की फोन येतो, आवाज फार गोड असतो,
"मॅडम, बरं वाटतंय ना? घरी काही प्रॉब्लेम?
मागच्या महिन्यातही एक होता तुमचा."
युनियन? पप्पा, आमचा एक ग्रुप आहे,
त्यात सगळे नुसता अंगठा टाकतात.

तरी काल भरला. त्यांच्यासमोर बसून, डायनिंग टेबलावर.
"कारण" या रकान्यात मी आधी लिहिलं: डोकेदुखी.
पप्पांनी चष्मा वर केला.
खोडून लिहिलं: झोप नाही.

पावणेबाराला फोन वाजला.
मी अंथरुणात, डोळे टक्क उघडे.
पप्पांनी उचलला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.
मग, सहकाऱ्याची बाजू मांडताना काढायचे त्या आवाजात,
सावकाश म्हणाले,
"ती झोपलीये."

खोटं होतं.
थोड्या वेळाने नव्हतं.