दोन जीबी

मे महिना. परसोडीत कूलर घरघरतोय.
मशीनला दोनच जीबी मेमरी, तीही जुनी.
प्रांजल ढेंगळे कर्नलमधली ओळ तपासते:
कॅशमधलं पान फेकू नको, दाबून ठेव.
डिस्क लांब आहे,
भर दुपारी बर्डीला जाऊन येण्याइतकी.

नुसत्या शून्यांचं पान तर
एका आकड्यात मावलं.
चार हजार शहाण्णव बाइटांचं मौन, एवढंसं.

समोरच्या गच्चीवर वैरागडेबाई
मुगवड्या उलटतात.
उन्हानं पाणी नेलं, मूग राहिला;
रश्शात पडल्या की फुगतील.

एक पान मात्र दाबलं तरी तेवढंच.
त्यात काहीच पुन्हा येत नाही,
एकही अक्षर दुसऱ्याची आठवण काढत नाही.
"राहू दे बापा," ती म्हणते
आणि कूलरमध्ये बादली ओतायला उठते.