ऐरणीवर कप ठेवू नये

शनिवारी सकाळी, बिशप्स कॅसलच्या उतरत्या गल्लीत,
हेस्टर ट्रँटरच्या भट्टीतली राख मी काढतो.
आधी खंगर. हलक्या हातानं,
कारण तो काचेसारखा फुटतो आणि कोळशात लपून बसतो.
मग बारीक राख.
मग उरलेला बरा कोळसा कडेला ओढायचा.
राखही ती टाकत नाही,
बर्फ पडलं की चढावर पसरते,
म्हातारी माणसं घसरू नयेत म्हणून.
ती स्वतः एकाहत्तरची आहे.

कुपवाडच्या कारखान्यात माझ्या टेबलामागे
फाइव्ह एसचा बोर्ड होता, लॅमिनेट केलेला,
ऑडिटच्या आदल्या दिवशी पुसला जाणारा.
हेस्टरला मी तो नीट समजावून सांगितला.
तिनं ऐकलं, पाचव्या एसपर्यंत,
आणि माझ्या हातात झाडू दिला.

झाडण्याआधी पाणी शिंपायचं, सड्यासारखं,
नाहीतर काळी पूड उडते आणि परत तिथेच बसते.
घणाखालून उडालेल्या लोखंडाच्या पापड्या
चुंबकानं गोळा करायच्या.
चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा,
म्हणजे पिशवी उलटी केली की सगळं सुटतं.
ही युक्ती माझी.
या दुकानात माझी एवढीच भर.

आमच्याकडे पेपरात प्रश्न ऐरणीवर येतात,
पाण्याचा, ऊसदराचा, एसटीच्या संपाचा,
आणि तिथेच राहतात.
इथे ऐरणीवर काही राहत नाही.
हातोडा नाही, हातमोजा नाही.
पहिल्या दिवशी मी चहाचा कप ठेवला होता.
तिनं तो उचलून फळीवर ठेवला
आणि ऐरणीचं तोंड बाहीनं पुसलं,
जेवल्यावर पोराचं पुसावं तसं.

खिडकीला पोतं लावलंय.
उजेडात लोखंडाचा रंग खोटं बोलतो.
अंधारातच कळतं, आता डाळिंबी, आता केशरी,
आता हळदीसारखा पिवळा,
आणि याच्यापुढे नको, ठिणग्या सुटतील.
तेवढ्या वेळात
सांडशी शोधत बसता येत नाही.
म्हणून भिंतीवर खडूनं
प्रत्येकीची आकृती,
चपट्या तोंडाची, गोल तोंडाची,
लांडग्याच्या जबड्याची.
हात मागे गेला की मूठ सापडलीच पाहिजे.
डोळ्यांचं काय, ती म्हणते, त्यांनी निवृत्त व्हावं.
डावा झालाच आहे.

एकोणीस आकृत्या, अठरा सांडश्या.
स्टॉक जुळवायची माझी जुनी खोड.
ऑक्टोबरात भंगाराच्या पेटीत एक गंजकी सापडली,
तिला कानस मारली, तेल दिलं,
रिकाम्या जागी टांगली.
बसली. जवळजवळ.

हेस्टर काही बोलली नाही.
दुपारी पाहिलं तर सांडशी बाकावर होती,
आणि माझ्या बोटांनी पुसट झालेली रेघ
पुन्हा ठळक काढलेली.
"उसनी दिलीय,"
भात्याकडे वळता वळता म्हणाली.
खिळ्याला गंज होता, वीस-बावीस वर्षांचा तरी.
लोखंडाचं वय आता मला थोडंफार कळतं.
मी फरशी झाडायला घेतली,
झाडलेलीच होती.

संध्याकाळी घरी
नखांतली काजळी साबणानं जात नव्हती,
आणि स्वयंपाकघरातून मंजिरी ओरडली,
अरे सांडशी कुठंय, दूध वर आलं!
मी न बघता हात मागे नेला.

हाताला लागली भिंत,
गुळगुळीत, पांढरी, भाड्याची,
जिच्यावर करारातल्या चौदाव्या कलमानुसार
खिळा ठोकायला मनाई आहे.